महाविद्यालयीन टेनिस आणि आपल्या मुली
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दुसऱ्या सत्रात सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. संस्थेच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी दोन शिष्यवृत्त्या महाविद्यालयात खेळणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय. हा निधी आजवर केवळ गुणपत्रिका पाहून वाटला गेला, आणि तो तसाच वाटला जावा असे मानणारे सन्माननीय सभासद मंडळात आहेत. गेल्या बैठकीत या प्रश्नावर सरळ दोन तट पडले. तेव्हा मतदानापूर्वी सभेला या विषयाची काही माहिती असावी म्हणून अध्यक्षांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली.

आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले. टेनिसची रॅकेट आम्ही हाती धरलेली नाही. तरीही हे काम आमच्याकडे आले याचे कारण असे की, आमच्या थोरल्या बहिणीची नात अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या मुलींच्या टेनिस संघातून चार वर्षे खेळली आणि गेल्या उन्हाळ्यात पदवी घेऊन परतली. तिकडे असताना दर रविवारी ती आमच्याशी दूरध्वनीवर बोलत असे. मास्तरकीच्या सवयीने आम्ही तिला प्रश्न विचारीत असू आणि उत्तरे वहीत टिपून ठेवीत असू. आपले नाव सभेत घेऊ नये अशी तिने अट घातली आहे. ती आम्ही पाळू.

टेनिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक खेळाडू इकडे आणि एक तिकडे, असे चित्र येते. जिंकणाराही एकटा आणि हरणाराही एकटा. पण अमेरिकेतील महाविद्यालयांनी या एकट्याच्या खेळाचा मोठ्या युक्तीने सांघिक खेळ केलेला आहे. दोन विद्यापीठांचे संघ समोरासमोर येतात तेव्हा प्रथम दुहेरीचे तीन सामने तीन मैदानांवर एकाच वेळी सुरू होतात. ते लहान असतात, सहा गेमांचा एकच सेट. तिहींपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. त्यानंतर एकेरीचे सहा सामने, पुन्हा सहा मैदानांवर शेजारीशेजारी, आणि प्रत्येकाला एक गुण. असे एकूण सात गुण होतात. ज्याचे आधी चार होतील तो संघ जिंकला. गेममध्ये चाळीस-चाळीस झाले की पुढे लांबण नाही, एकाच चेंडूवर निकाल लागतो. सध्याची ही पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत स्थिरावली आहे.

यातली गोम अशी की, संघातील खेळाडूंना शक्तीच्या क्रमाने एक ते सहा क्रमांक द्यावे लागतात. सर्वांत बलवान मुलगी पहिल्या क्रमांकावर आणि तिच्यासमोर प्रतिपक्षाची पहिली. बलवान मुलीला मुद्दाम खाली उतरवून सोपा गुण पदरात पाडून घेणे नियमबाह्य आहे. पण गुण मोजताना पहिलीचा एक आणि सहावीचाही एकच! पहिल्या मैदानाभोवती गर्दी जमावी, टाळ्यांचा कडकडाट व्हावा, आणि जय-पराजय मात्र टोकाच्या सहाव्या मैदानावर, जिथे दोनचार माणसे उभी आहेत तिथे ठरावा, असे तेथे वारंवार घडते. वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाचेही पारडे तेवढेच जड, असा हा हिशेब. आम्हां शिक्षकांना तो फार मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट चेंडू आत की बाहेर, याची. मोठ्या स्पर्धांतून आपण पाहतो की यासाठी पंच असतात, आता तर यंत्रेही आली. महाविद्यालयीन सामन्यांत बहुधा रेषेवर कोणी पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत होता की बाहेर, हे ती मुलगी स्वतः सांगते. नियम असा की, चेंडू बाहेर गेला हे तुम्हांला निश्चित दिसले पाहिजे. शंका असेल तर तो आत, आणि गुण समोरचीचा. ‘मला नीट दिसले नाही, पुन्हा खेळू’ असे म्हणण्याची सोय नाही. देखरेखीला फिरते पंच असतात, ते चुकीचा निर्णय फिरवू शकतात, आणि वारंवार फिरवावा लागला तर शिक्षाही करतात. पण मुख्य भिस्त मुलीच्या शब्दावर. आमच्या शाळेच्या पटांगणावर पंचावाचून खेळलेला कबड्डीचा एकही डाव भांडणावाचून संपल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यामुळे हे ऐकून आम्ही नातीला विचारले, ‘मग तेथे लबाडी होत नाही काय?’ ती म्हणाली, ‘होते की, मामाआजोबा. पण जी करते तिचे नाव सगळ्या विद्यापीठांत होते, आणि ते चार वर्षे पुसले जात नाही.’

ती स्वतः पाचव्या क्रमांकावर खेळे. दुसऱ्या वर्षीच्या वसंत ऋतूतला एक सामना तिने आम्हांस सांगितला आहे. तीन-तीन गुण झाले होते, बाकीची पाच मैदाने मोकळी झाली होती आणि हिचाच सामना उरला होता. अशा वेळी दोन्ही संघांच्या सगळ्या मुली त्या एका मैदानाच्या कुंपणाला येऊन चिकटतात आणि आरडाओरडा सुरू होतो. तेथे तो शिष्टसंमत आहे. शेवटच्या सेटमध्ये पाच-सहा असताना चाळीस-चाळीस झाले. एक चेंडू, आणि त्यावर सामना. हिने परतविलेला चेंडू जाळीच्या पट्टीला लागून आपल्याच अंगणात पडला. संघ हरला. चार तासांच्या परतीच्या प्रवासात बसमध्ये तिच्याशी कोणी फारसे बोलले नाही, आणि कोणी काही बोलले असते तर ते तिला सोसलेही नसते. ‘घरी हरत असे तेव्हा मी एकटी हरत असे,’ ती आम्हांस म्हणाली, ‘त्या दिवशी माझ्यामुळे आठजणी हरल्या.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नेहमीप्रमाणे सराव. त्या आठवड्यातील पुढच्या सामन्याची यादी लागली तेव्हा पाचव्या क्रमांकावर तिचेच नाव होते. शिक्षिकेने त्याबद्दल एक शब्दही उच्चारला नाही. मुलांना शिक्षा करण्यात आणि समजूत घालण्यात आमचे आयुष्य गेले. न बोलता दिलेली ही तिसरी गोष्ट आम्हांस पाठ्यपुस्तकात कोठे सापडली नव्हती.

आता हे सारे तेथील मुलींना आयते मिळाले असे कोणी समजू नये. यामागचा इतिहास थोडा सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या मंडळात जे आक्षेप घेतले गेले ते सगळे तेथेही घेतले गेले होते.

बिली जीन किंग हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी विम्बल्डनची दुहेरीची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी त्या लॉस एंजेलिस येथील सरकारी महाविद्यालयात दाखल झाल्या. विम्बल्डन जिंकलेल्या या मुलीला महाविद्यालयाने टेनिससाठी एक पैसाही दिला नाही, कारण मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची रीतच नव्हती. त्यांनी क्रीडांगणावर मुलांची देखरेख करून आणि सामानाच्या खोलीत साहित्य वाटून खर्च भागविला. त्यांचे भावी पती त्याच महाविद्यालयाच्या मुलांच्या संघात होते; सहाजणांच्या संघातले ते सातवे, तरी त्यांना शिष्यवृत्ती होती. त्याच शहरातील दुसऱ्या विद्यापीठात त्याच वयाचे आर्थर ॲश हे शिष्यवृत्तीवर शिकत होते आणि पुढे पदवीधर झाले. किंगबाईंचे शिक्षण मात्र अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी त्यांनी त्याच संस्थेत इतिहास विषय घेऊन पुन्हा नाव घातल्याचे २०२५ साली जाहीर झाले. त्या वेळी त्यांचे वय एक्याऐंशी वर्षांचे होते. आपल्या येथील ज्या भगिनी ‘आता काय वय राहिले’ म्हणून बाहेरून परीक्षेला बसण्याचे टाळतात, त्यांच्यासाठी हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

१९७२ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ इंग्रजीत तो अवघ्या सदतीस शब्दांचा आहे आणि त्यात खेळाचा नावानेही उल्लेख नाही. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग ठरल्यामुळे मैदानाचे दार त्यानेच उघडले. कायद्यापूर्वीच्या वर्षी तेथील माध्यमिक शाळांतून सुमारे तीन लाख मुली खेळत. २०१८-१९ साली तीच संख्या चौतीस लाखांवर गेली होती.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली, आणि ती टेनिसच्याच बाबतीत. मुलींच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी जी स्त्रियांची संघटना १९७१ साली निघाली होती, तिचा स्वतःचाच नियम होता की, खेळासाठी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीस आमच्या स्पर्धांत प्रवेश नाही! त्या भगिनींचा हेतू वाईट नव्हता. पुरुषांच्या खेळांत पैशाने जे अनाचार माजले होते ते मुलींच्या वाट्याला येऊ नयेत, ही त्यांची काळजी. पण परिणाम असा झाला की, मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून खेळू शके, मुलगी मात्र शिष्यवृत्ती तरी घेई किंवा खेळे तरी. फ्लॉरिडा राज्यातील मेरीमाउंट महाविद्यालयात टेनिस खेळणाऱ्या मुलींना अशी शिष्यवृत्ती होती. तेथील शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख फर्न केलमायर यांनी आणि त्या मुलींनी १९७३ साली न्यायालयात दावा लावला. निकाल लागण्याची वाट न पाहता संघटनेने नियम बदलला. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची वाट अशी टेनिसच्या मैदानावरून निघाली. या केलमायरबाई विद्यार्थिदशेत मायामी विद्यापीठाच्या मुलांच्या संघातून खेळल्या होत्या.

चांगल्या हेतूने केलेला नियमही मुलीच्याच पायात बेडी होऊन बसतो, याचा हा नमुना आहे. आपल्या निधीचा ‘फक्त गुणपत्रिका’ हा नियमही चांगल्याच हेतूने केलेला आहे, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

१९८२ पासून मुलींच्या सांघिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा पुरुषांच्याच राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली होऊ लागल्या. पहिले अजिंक्यपद स्टॅनफर्ड विद्यापीठाने मिळविले आणि २०१९ पर्यंत तेच वीस वेळा मिळविले. बाकी विजेत्यांची नावे येथे वाचून आम्ही आपला वेळ घेत नाही.

पण एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. वास्तविक ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर पहिले नाव तेच घ्यावयास हवे होते. ॲल्थिया गिब्सन ही १९२७ साली जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली. घरची गरिबी, शाळा अर्ध्यावर सुटलेली. गोऱ्यांच्या टेनिस संघटनेचे दरवाजे काळ्या माणसांना बंद होते, म्हणून त्यांनी १९१६ साली स्वतःची टेनिस संघटना काढलेली होती. म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच, आपल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी उभारलेली संस्था. १९४६ साली त्या संघटनेच्या स्पर्धेत ही मुलगी अंतिम सामना हरली. तो सामना समाजातील दोन डॉक्टर पाहत होते. एक ह्यूबर्ट ईटन, दुसरे रॉबर्ट जॉन्सन. हरलेल्या मुलीकडे पाहून त्या दोघांनी ठरविले की, हिला शिकवावयाचे. शाळेचे दिवस तिने डॉ. ईटन यांच्या घरी, त्यांच्या मुलांबरोबर राहून काढावेत. त्यांच्या घरामागे टेनिसचे मैदान होते. उन्हाळ्यात डॉ. जॉन्सन यांच्याकडे जावे आणि त्यांनी तिला स्पर्धांना न्यावे. एकोणीस वर्षांची ही मुलगी पुन्हा शाळेत गेली, आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसली आणि १९४९ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढे फ्लॉरिडातील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली आणि १९५३ साली ती पदवीधर झाली. मध्यंतरी १९५० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची परवानगी मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे तिने विम्बल्डन जिंकले. पहिल्या वर्षी इंग्लंडच्या राणीने आपल्या हाताने तिला पारितोषिक दिले, आणि ज्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ती शाळा बुडवून हिंडत असे त्याच रस्त्यांवरून तिची मिरवणूक निघाली.

आर्थर ॲश यांचा उल्लेख आम्ही मघाशी केला, त्यांनाही लहानपणी याच डॉ. जॉन्सन यांनी शिकविले होते. दोन माणसांचे घर आणि एका छोट्या संघटनेचे वार्षिक सामने यांतून काय निर्माण होऊ शकते, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

नाण्याची दुसरी बाजू आम्ही लपविणार नाही. त्या काळी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नसे. चषक मिळे आणि टाळ्या मिळत. गिब्सनबाईंना उतारवयात पैशाची इतकी तंगी आली की, जुन्या मैत्रिणीने मदत गोळा करून त्यांचा निर्वाह चालविला. खेळाने पोट भरेलच असे त्या वेळी नव्हते आणि बहुसंख्य खेळाडूंच्या बाबतीत आजही नाही. म्हणूनच खेळाच्या जोडीला पदवी देणारी ही महाविद्यालयीन व्यवस्था आम्हांस महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे मुलींचे टेनिस म्हणजे परक्यांचे थेर, असा सूर मंडळाच्या बैठकीत उमटला होता. त्याला उत्तर म्हणून आम्ही दोन नावे सांगतो. पुण्यात १८९० साली जन्मलेल्या पंडिता क्षमा राव या वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. संस्कृत भाषेत ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या या विदुषी टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. लीलाबाईंनी पुढे संस्कृतात लेखनही केले. रॅकेट हाती धरल्याने सरस्वती घर सोडून जाते, असे या मायलेकींच्या बाबतीत तरी झालेले दिसत नाही. आणि अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांचे. त्या अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, आणि २०२३ च्या सप्टेंबरअखेर चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्याबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवून आल्या. त्याच विद्यापीठाच्या मुलींच्या संघाने २०२४ साली प्रथमच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अभ्यासाचा. तेथील नियमाप्रमाणे खेळाडू विद्यार्थिनीने प्रत्येक सत्रात पूर्ण अभ्यासक्रम घेतलाच पाहिजे आणि ठराविक श्रेणी राखलीच पाहिजे. नाही तर संघातून नाव कमी. हंगामात सरावाला आठवड्यास वीस तासांची मर्यादा आहे आणि एक दिवस सक्तीची सुटी. आमच्या नातीने बसमधल्या दिव्याखाली संख्याशास्त्राची गणिते सोडविली. आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की मुलीची रॅकेट माळ्यावर जाते आणि ती पुन्हा खाली उतरत नाही. त्या वेळात ती अभ्यास करते की भ्रमणध्वनी पाहते, ते घरोघरच्या आईबापांना ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप पोशाखाचा आणि उन्हाचा. मुलगी काळवंडते, मग स्थळे येत नाहीत, असे एका वृद्ध भगिनींनी आम्हांस तोंडावर सांगितले. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या घराला सून निवडताना उन्हाची एवढी चिंता, त्या घरी आपली मुलगी न गेलेली बरी.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मात्र खरा आहे. टेनिस हा गरिबाचा खेळ नव्हे. रॅकेट एकदा घेऊन भागत नाही. तिच्या तारा तुटतात, गटिंग पुन्हापुन्हा करून घ्यावे लागते. बूट दोनचार महिन्यांत झिजतात. मैदानाची फी, शिकविणाऱ्याची फी, आणि गावोगावच्या स्पर्धांना जाण्यायेण्याचा दोन माणसांचा खर्च. मुलगी म्हटली की सोबत कोणी तरी हवेच, म्हणून मुलाच्या दुप्पट! आमच्या भाचीने या पायी दोन वेळा दागिने गहाण टाकले. आपल्या निधीकडे तिने अर्ज केला होता, आणि गुणपत्रिकेत टक्के कमी म्हणून तो परत आला. आम्ही तेव्हा मंडळात नव्हतो आणि त्याबद्दल आज कोणाला दोष देत नाही. नियम तसा होता आणि नियमाप्रमाणे झाले.

या ठिकाणी पालकांना काही सावधगिरीच्या सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळाच्या दृष्टीने तीन विभाग आहेत. पहिल्या दोन विभागांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. तिसऱ्या विभागात मिळतच नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नामांकित विद्यापीठेही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, गरजेनुसार देतात. पहिल्या विभागातील मुलींच्या संघाला २०२५ पर्यंत आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यानंतर नियम बदलला असून आता मर्यादा संघातील खेळाडूंच्या संख्येवर आली आहे. काही विद्यापीठांनी पैशाच्या अडचणीने टेनिसचे संघच बंद केले आहेत. मुलीला जेथे बोलावणे येईल त्या संघाची स्थिती काय, शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची, दुखापत झाल्यास ती चालू राहील काय, हे लेखी विचारून घ्यावे. पहिल्या विभागातील निम्म्याहून अधिक टेनिसपटू मुली परदेशांतून आलेल्या असतात, त्यामुळे चुरस जगभराशी आहे. प्रवेश मिळवून देतो म्हणून मोठी रक्कम मागणारे मध्यस्थ आता आपल्या शहरांतही दिसू लागले आहेत. वास्तविक संघाच्या शिक्षकाला मुलीने स्वतः पत्र लिहावे, सोबत खेळतानाची चित्रफीत आणि स्पर्धांचे निकाल धाडावेत. त्याला मध्यस्थ लागत नाही. आमच्या नातीने चाळीसएक पत्रे धाडली, सातांची उत्तरे आली, त्यांतून दोन ठिकाणी बोलणे पुढे गेले.

आणि सगळ्यांनीच अमेरिकेची वाट धरावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपल्या येथील विद्यापीठांतूनही मुलींचे संघ असतात, आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निवडचाचणीचा कागद लागतो, पण तो पाहण्यासाठी तेथे थांबणाऱ्या मुली थोड्या. टेनिस नसेल तर खो-खो असो, बॅडमिंटन असो. ठरावाच्या मसुद्यात टेनिस हा शब्द नाही, हे सभासदांनी ध्यानात घ्यावे. तो केवळ आमच्या घरचा अनुभव म्हणून या भाषणात शिरला आहे.

नात परत आल्यावर बहिणीने तिला विचारले, ‘चार वर्षांत काय आणलेस?’ तिने पदवीचे भेंडोळे दाखविले आणि तळहात दाखविला. त्यावरचे घट्टे पाहून बहीण म्हणाली, ‘माझ्या आईचे हात असेच होते, जात्याने.’ ती सध्या एका पेढीत संख्याशास्त्राचे काम करते आणि शनिवार-रविवारी सकाळी नगरपालिकेच्या मैदानावर दहा-बारा मुलींना शिकविते. त्यांतल्या दोघी आपल्याच ज्ञातीच्या आहेत. एकीकडे स्वतःची रॅकेट नाही, ती नातीच्या जुन्या रॅकेटने खेळते. दुसरीच्या वडिलांनी यंदा दहावी म्हणून जूनपासून येणे बंद करण्याचे ठरविले आहे. ते गृहस्थ आज सभेत उपस्थित आहेत. आम्ही त्यांच्याकडे पाहत नाही.

ठराव दुपारी तीन वाजता चर्चेला येईल. त्यात एक उपसूचना आमच्या नावे आहे: शिष्यवृत्तीच्या रकमेतून सोबत जाणाऱ्या पालकाचा प्रवासखर्चही धरावा आणि त्यासाठी तिकिटाची पावती पुरेशी मानावी. कोषाध्यक्षांनी तिला हरकत घेतली आहे. ते आपले म्हणणे स्वतः मांडतील. मसुद्याच्या प्रती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेविलेल्या आहेत. भोजनाला जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक प्रत न्यावी, आणि घरातील मुलीस ती वाचावयास द्यावी.